फाजलखानाची दोन चरित्रे

घोडदळाच्या एका नायकाचे चरित्र हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. ह्या नायकाची चरित्रे मात्र दोन आहेत. एक ऐतिहासिक साधनांत तुटकपणे आढळते. दुसरे एका इंग्रजी कादंबरीत आद्यंत रचलेले आहे. नायक म्हणजे अफजलखानाचा पुत्र फाजलखान, आणि कादंबरी म्हणजे फिलिप मेडोज टेलर ह्याने १८६३ साली तीन खंडांत प्रसिद्ध केलेली ‘तारा’. ही कादंबरी जेथे घडते ते तुळजापूर, आणि तिचा लेखक ज्या जिल्ह्याचा कारभारी होता तो नळदुर्गचा जिल्हा, ही दोन्ही स्थळे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील आहेत. लोहारा तालुक्यातील सास्तूर गावाहून पाहिले तर तुळजापूर पश्चिमेस व नळदुर्ग नैर्ऋत्येस येते. तेव्हा ह्या काल्पनिक सेनानायकाचे जन्मस्थान आपल्याच परिसरात आहे असे म्हणावयास हरकत नाही.

काल्पनिक चरित्र खरे की खोटे, असा प्रश्न येथे उपस्थित करावयाचा नाही. कादंबरीने इतिहास सांगितला पाहिजे असा कोणाचाच आग्रह नसतो. प्रश्न निराळा आहे. जेथे साधने मोजकी असतात तेथे काल्पनिक चरित्र हळूहळू खऱ्या चरित्राची जागा घेऊ लागते, आणि वाचकास आपण कोणत्या थरावर उभे आहो ह्याचे भान राहत नाही. ते भान राखण्यास भाषा किती साहाय्य करू शकते, एवढेच येथे दाखवावयाचे आहे.

साधनांतील फाजलखान

प्रथम साधने काय सांगतात ते पाहू. अफजलखान हा विजापूरच्या आदिलशाही दरबारातील मातबर सरदार. १६५९ साली तो शिवाजीमहाराजांवर चालून आला आणि त्याच वर्षीच्या १० नोव्हेंबरला प्रतापगडाच्या पायथ्याशी मारला गेला. मराठी बखरी त्याच्या मार्गावर तुळजापूर ठेवतात व तेथे त्याने भवानीच्या मूर्तीची विटंबना केल्याचे सांगतात. खानाबरोबर त्याचा पुत्र फाजल हाही होता. वधानंतर जावळीच्या रानात जी धांदल उडाली तीत फाजल निसटला. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीस लिहिलेल्या कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत तो पायास चिंधी बांधून झाडीत शिरून पळाल्याचा उल्लेख आहे. त्याला वाट दाखविणारा खंडोजी खोपडे पुढे महाराजांच्या हाती लागला व त्याचा एक हात आणि एक पाय तोडण्यात आला, हेही प्रसिद्ध आहे.

दुसरा प्रसंग त्यानंतर सुमारे दीड महिन्याने घडला. २८ डिसेंबर १६५९ रोजी कोल्हापूरजवळ रुस्तुमेजमान ह्याच्या नेतृत्वाखालील आदिलशाही फौजेची व मराठ्यांची लढाई झाली. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ ह्या संस्कृत काव्यात दोन्ही सैन्यांच्या रचनेचे वर्णन आहे. मधल्या फळीत रुस्तुम, डाव्या बगलेस फाजल, उजव्या बगलेस मलिक इतबार, अशी विजापूरकरांची मांडणी होती. लढाईत आदिलशाही फौजेचा मोड झाला. तिसरा प्रसंग १६६० सालच्या पन्हाळ्याच्या वेढ्याचा. सिद्दी जौहरने घातलेल्या ह्या वेढ्यात फाजलही होता.

जावळीतून निसटणे, कोल्हापूरच्या रणात डाव्या बगलेवर उभे राहणे आणि पन्हाळ्याच्या वेढ्यात असणे, एवढ्या तीन प्रसंगांवर फाजलखानाचे साधनसिद्ध चरित्र उभे आहे. ह्या चरित्रातील क्रियापदांकडे लक्ष द्यावे. ‘आला’, ‘होता’, ‘पळाला’, ‘गेला’ ह्यांपलीकडे क्रियापद नाही. पित्याच्या वधाने त्याच्या मनाची काय अवस्था झाली, त्याने सैनिकांना काय सांगितले, घरी परतल्यावर आईबहिणींपुढे तो कसा उभा राहिला, हे सांगण्याचे बखरकारास कारण नव्हते. बखरीचा नायक दुसरा आहे, आणि प्रतिपक्षाच्या पुत्राकडे ती केवळ त्याच्या हालचालीपुरतेच पाहते. बखरीच्या प्रयोजनातूनच ही मर्यादा आली आहे. तिला दोष म्हणता येत नाही.

नळदुर्गचा कारभारी

आता कादंबरीकाराकडे वळू. टेलरचा जन्म १८०८ साली लिव्हरपूल येथे झाला. व्यापारी पेढीत उमेदवारी करण्यासाठी तो किशोरवयात मुंबईस आला आणि १८२४ साली निजामाच्या सैन्यात अधिकारी म्हणून दाखल झाला. ठगांच्या जबान्यांवर आधारलेल्या १८३९ सालच्या कादंबरीने त्याचे नाव इंग्लंडमध्ये गाजले. १८४१ पासून सुमारे बारा वर्षे तो शोरापूर संस्थानाच्या कारभारावर होता. १८५३ साली त्याची नेमणूक नळदुर्ग जिल्ह्यावर झाली व १८५७ मध्ये तेथून त्यास वऱ्हाडात पाठविण्यात आले.

नळदुर्ग जिल्हा इंग्रजांच्या हाती कसा आला हे प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. निजामाच्या खर्चाने व इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज ठेवलेली होती. तिच्या पगाराची बाकी तुंबत गेली. ती फेडण्यासाठी १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात देण्यात आला. ह्यांपैकी रायचूर दुआब व नळदुर्ग १८६० साली निजामास परत मिळाले. ह्या फौजेत स्वारांचे रिसाले होते व त्यांची भरती शिलेदारी पद्धतीने होत असे. नळदुर्गात टेलर जो वसूल गोळा करीत होता तो ज्यांच्या पगारास जात होता, त्यांत हे स्वारही होते. घोडदळाचा खर्च, स्वाराची ऐपत, घोड्याची किंमत ह्या गोष्टी त्यास नित्याच्या कामकाजातून ठाऊक होत्या.

बोरी नदीच्या वळणावरील नळदुर्गचा किल्ला व इब्राहीम आदिलशहा दुसरा ह्याच्या काळी बांधलेला त्यातील पाणीमहाल त्याच्या डोळ्यांपुढे होता. तुळजापूरचे देऊळ व यात्रा त्याच्याच जिल्ह्यात होती. आदिलशाही वैभवाचे अवशेष आणि भवानीचे पीठ, ही ‘तारा’ कादंबरीची दोन्ही टोके एका जिल्ह्याच्या हद्दीत त्यास मिळाली. वरिष्ठ अधिकारी असूनही लोकांच्या बोलण्यात रस घेणारा हा लेखक होता. त्याच्या लिखाणात पूर्वग्रह नाहीत असे नव्हे. परंतु परिसराशी त्याचा परिचय वरवरचा नव्हता हे मान्य केले पाहिजे.

कादंबरीतील फाझिल

कादंबरीची नायिका तारा ही तुळजापूरच्या व्यासशास्त्री नावाच्या ब्राह्मणाची कन्या. बालपणीच वैधव्य आलेली ही मुलगी देवीच्या सेवेस वाहिली जाते. मोरो त्रिमल नावाचा एक कारस्थानी पुरुष तिचा पाठलाग करतो. इटग्याचा पहाडसिंग हा लुटारू नायक, अफजलखानाची पत्नी लुर्ली, कन्या झैना अशी पात्रे कथेत येतात. तुळजापूर, विजापूर, वाई व प्रतापगड अशा स्थळांतून कथा पुढे सरकते. अखेरीस सती जाण्यास चितेजवळ नेलेल्या तारेस फाझिल सोडवितो व दोघांचा विवाह होतो.

ह्या कथेत फाझिल स्वारांच्या तुकड्यांचा तरुण नायक आहे. बखरीतील फाजलास जे मिळाले नाही ते सर्व येथे त्यास मिळते. त्याला घर मिळते, बहीण मिळते, स्नेही मिळतात, प्रेम मिळते. संकटात धाव घेण्याचे, शत्रूशी उदारपणे वागण्याचे आणि पित्याच्या कृत्यांविषयी मनात द्विधा होण्याचे स्वातंत्र्य मिळते. क्रियापदेही बदलतात. ‘पळाला’ हे क्रियापद मागे पडते. ‘धावला’, ‘सोडविले’, ‘वचन दिले’, ‘विचार करू लागला’ अशी क्रियापदे त्याच्याशी जोडली जातात. ज्या माणसाच्या नावावर साधनांत एक पलायन, एक पराभव व एक अपुरा वेढा आहे, तो कादंबरीत शौर्याचा व औदार्याचा पुतळा होतो.

कादंबरीकाराने कालगणनेशीही एक खेळ केला आहे. ‘तारा’, ‘राल्फ डार्नेल’ व ‘सीता’ ह्या त्याच्या तीन कादंबऱ्या १६५७, १७५७ व १८५७ अशा शंभर शंभर वर्षांच्या अंतराने योजलेल्या आहेत. पहिलीत मराठ्यांचा उदय, दुसरीत प्लासीची लढाई, तिसरीत १८५७ चा उठाव. योजना आकर्षक आहे. परंतु अफजलखानाचे प्रकरण १६५९ चे आहे, १६५७ चे नाही. शतकांची अशी समान वाटणी लेखकाच्या टेबलावर झाली; घटनाक्रमाने ती केलेली नाही. मराठ्यांच्या उदयापासून इंग्रजी सत्तेपर्यंत जणू एकच सरळ रेषा आखलेली आहे अशी कल्पना ह्या मांडणीतून वाचकाच्या मनात नकळत उतरते.

ह्याहून अधिक सावधगिरी एका नावाच्या बाबतीत बाळगली पाहिजे. मोरो त्रिमल हे नाव मराठी वाचकास परके नाही. शिवाजीमहाराजांचे पेशवे मोरोपंत पिंगळे हे कागदोपत्री मोरो त्रिमल म्हणूनच ओळखले जातात. कादंबरीतील खलपात्रास हे नाव मिळाल्यामुळे त्या पात्राचे वर्तन पेशव्यांच्या चरित्रास चिकटण्याचा धोका आहे. फाजलखानास कल्पनेने जेवढे दिले तेवढेच मोरोपंतांच्या नावावर तिने अकारण लादले. काल्पनिक चरित्राचा प्रश्न मी केवळ साहित्यविचाराचा मानत नाही तो ह्याच कारणाने. त्यात खऱ्या माणसांचे हितसंबंध, म्हणजे त्यांची कीर्ती व अपकीर्ती, गुंतलेली असते.

पदे आणि शब्द

काल्पनिक सेनानायक व साधनांतील सेनानायक ह्यांतील भेद ओळखण्याची एक साधी कसोटी भाषेच्या अभ्यासकापाशी आहे. ती म्हणजे पदांची नावे. कादंबरीतील नायक शूर असतो म्हणून पुढे जातो. दप्तरातील नायक पायरीपायरीने चढतो, आणि प्रत्येक पायरीस नाव, माणसांची संख्या व वेतन असते.

सभासदाने शिवकालीन घोडदळाची जी रचना दिली आहे ती ह्या दृष्टीने वाचावी. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. पाच हवाले मिळून एक जुमला, म्हणजे सव्वाशे स्वार. त्यावर जुमलेदार, त्यास पाचशे होन. दहा जुमल्यांवर हजारी, त्यास एक हजार होन. पाच हजारींवर पंचहजारी, त्यास दोन हजार होन. सर्वांवर सरनोबत. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. येथे एक गंमत ध्यानी येते. दहा जुमल्यांची बेरीज साडेबाराशे होते, तरी नाव मात्र ‘हजारी’. पदनाम आणि प्रत्यक्ष संख्या ह्यांचा संबंध रूढीने सुटलेला आहे. संख्यावाचक शब्द पदवाचक झाला की त्यातील संख्या झिजते, ह्याचे हे चांगले उदाहरण होय.

ह्या शब्दांची घडण पाहिली तर घोडदळाची सारी अर्थव्यवस्था त्यांत साठविलेली आढळते. ‘शिलेदार’ शब्दाचा पूर्वार्ध अरबी ‘सिलाह’ म्हणजे शस्त्र, व उत्तरार्ध फारसी ‘दार’ म्हणजे बाळगणारा. मूळ अर्थ शस्त्रधारी एवढाच. मराठीत त्याचा अर्थ स्वतःचा घोडा व शस्त्रे घेऊन चाकरीस येणारा स्वार असा निश्चित झाला. ‘बारगीर’ शब्दाचा प्रवास ह्याहून विलक्षण आहे. फारसीत ‘बार’ म्हणजे ओझे व ‘गीर’ म्हणजे घेणारा. तेव्हा बारगीर म्हणजे ओझे वाहणारे जनावर. मराठीत तोच शब्द घोड्यावरून उतरून माणसास लागला, आणि सरकारी किंवा धन्याच्या घोड्यावर बसणाऱ्या स्वारास बारगीर म्हणू लागले. १८३१ साली प्रथम निघालेल्या व १८५७ साली वाढवून पुन्हा छापलेल्या मोल्सवर्थच्या कोशात ह्या दोन्ही शब्दांतील हा भेद नोंदविलेला आहे. कोशाची ही दुसरी आवृत्ती निघाली त्याच वर्षी टेलर नळदुर्ग सोडून गेला.

शिलेदार व बारगीर ह्यांतील अंतर म्हणजे घोडा कोणाचा ह्या प्रश्नाचे उत्तर होय. घोडा स्वतःचा असेल तर तो मेल्यास नुकसान स्वाराचे. म्हणून शिलेदार घोडा जपणार, प्रसंगी लढाईपेक्षाही अधिक जपणार. घोडा सरकारचा असेल तर स्वार हुकमात राहणार. शिवकाली पागेचे बळ अधिक ठेवून शिलेदार पागेच्या धाकात ठेवले, असे सभासद सांगतो त्यामागचे कारण हेच. आदिलशाहीत याउलट सरदार आपापल्या मुलखाच्या उत्पन्नावर आपापली फौज बाळगीत. तेथे सरदाराचा पुत्र घोडदळाचा नायक होई तो पायऱ्या चढून नव्हे, तर पित्याची फौज त्याच्याकडे आल्यामुळे. कोल्हापूरच्या रणात फाजलखान डाव्या बगलेवर उभा होता तो ह्या व्यवस्थेतून. त्याच्या पदाचा उगम त्याच्या वंशात आहे. कादंबरीत मात्र त्याच्या अधिकाराचा उगम त्याच्या गुणांत दाखविला जातो, आणि येथेच कल्पनेचा शिक्का उमटतो.

‘सरनोबत’ शब्दात ‘नौबत’ आहे. नौबत म्हणजे पाळी, पहारा व त्या वेळी वाजणारे वाद्य. ‘रिसाला’ म्हणजे अरबीत पत्र किंवा निरोप. भारतात तो स्वारांच्या तुकडीस लागला व त्यावरून ‘रिसालदार’ झाला. ‘हवालदार’ म्हणजे ज्याच्या हवाली काही केले आहे तो. ज्यांच्या पदनामांत निरोप, पाळी, हवाला व बेरीज आहे, त्या माणसांचे आयुष्य रणांगणापेक्षा हिशेबात व पहाऱ्यात अधिक जात असले पाहिजे. पोवाड्यातील व कादंबरीतील नायक सदैव घोडा फेकीत असतो. पदनामांतील नायक चंदी, नाल, पखाल व हजेरी ह्यांच्या काळजीत असतो. दुसरे चित्र कमी रंगतदार असले तरी सत्याच्या अधिक जवळचे आहे.

नावाविषयी थोडेसे

खुद्द नायकाच्या नावातही भाषेचा एक धडा आहे. अफजल व फाजल ही पितापुत्रांची नावे एकाच अरबी धातूची रूपे होत. त्या धातूचा अर्थ उरणे, अधिक असणे. त्यापासून ‘फाझिल’ म्हणजे श्रेष्ठ, विद्वान. आणि ‘अफझल’ म्हणजे त्याहून श्रेष्ठ, सर्वश्रेष्ठ. ज्या अरबी वर्णाचा उच्चार फारसीत ‘झ’ सारखा होतो त्याच्या जागी मराठीने ‘ज’ आणला. ‘फाझिल’चे ‘फाजल’ झाले ते ‘अफजल’च्या सादृश्याने झाले असावे असे आम्हांस वाटते.

तोच शब्द दुसऱ्या वाटेने मराठीत ‘फाजील’ म्हणून आला. हिशेबात जास्त निघालेली रक्कम फाजील, गरजेपेक्षा अधिक आत्मविश्वास फाजील, मर्यादा सोडून वागणारा मुलगा फाजील. अरबीत आधिक्य म्हणजे श्रेष्ठत्व; मराठीत आधिक्य म्हणजे अतिरेक. एकाच धातूने एका भाषेत गौरव केला व दुसरीत कान धरला. मराठी बखरीतील फाजल व इंग्रजी कादंबरीतील फाझिल ह्यांत जे अंतर आहे, ते जणू ह्या शब्दाच्या दोन अर्थांतच सूचित झाले आहे.

खरे चरित्र अधिक विलक्षण असते

कल्पना नेहमीच सत्यापेक्षा रंगीत असते असा समज आहे. त्यास उत्तर म्हणून ह्याच काळातील दुसऱ्या एका घोडदळ-नायकाचे चरित्र पुढे ठेवता येते. अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी महाराजांच्या घोडदळाचे नेतृत्व नेताजी पालकर ह्यांच्याकडे होते. १६६६ च्या आरंभी पन्हाळ्याच्या अपयशानंतर त्यांस पदावरून दूर करण्यात आले व कुडतोजी गुजर हे प्रतापराव ह्या किताबाने सरनोबत झाले. नेताजी प्रथम आदिलशाहीकडे व मग मिर्झाराजे जयसिंगाकडे गेले. त्याच वर्षी महाराज आग्र्याहून निसटल्यावर त्यांस कैद झाली. १६६७ साली त्यांचे धर्मांतर होऊन महंमद कुली खान असे नाव ठेवण्यात आले व त्यांची रवानगी काबूलकडे झाली. सुमारे नऊ वर्षांनी, १६७६ साली, ते महाराजांकडे परत आले व शुद्ध होऊन स्वधर्मात आले.

कादंबरीत तारा एका समाजातून दुसऱ्या समाजात जाते तेव्हा वाचकास ते कल्पनेचे साहस वाटते. नेताजींनी ती सीमा दोनदा ओलांडली, आणि दोन्ही वेळा त्यांच्या बाजूस कादंबरीकार नव्हता. साधनसिद्ध चरित्रात नाट्य कमी असते हे खरे नाही. ते नाट्य शोधण्यास कागद लागतात, तारखा लागतात आणि धीर लागतो, एवढेच.

मराठी कादंबरीने हा विषय स्वतः हाती घेतला तो ‘तारा’नंतर लौकरच. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ ही पहिली मराठी ऐतिहासिक कादंबरी १८७१ साली निघाली. हरि नारायण आपट्यांनी ‘म्हैसूरचा वाघ’ ह्या आपल्या अपुऱ्या राहिलेल्या कादंबरीसाठी टेलरच्याच टिपू सुलतानावरील कादंबरीचा आधार घेतला होता. नळदुर्गच्या त्या कारभाऱ्याची लेखणी अशा रीतीने मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या आरंभकाळापर्यंत पोहोचलेली आहे. मराठी वाचकाच्या मनातील घोडदळ-नायकाची प्रतिमा कोणत्या सुतांनी विणली गेली ह्याचा शोध घेताना हे सूत विसरून चालणार नाही.

परिसरातील शब्द

आता पुन्हा आपल्या परिसराकडे येऊ. फारसी ‘पायगाह’ म्हणजे पाय ठेवण्याची जागा, दर्जा, तसेच तबेला. मराठी राज्यात त्याचे ‘पागा’ झाले; अर्थ घोड्यांचा तबेला व सरकारी घोडदळ. हैदराबादेत त्याच शब्दाचे ‘पायगा’ झाले. निजामासाठी घोडदळ बाळगण्याकरिता एका मोठ्या उमराव घराण्यास जो मुलूख तोडून दिला तो पायगा. उमरगा तालुक्यातील गुंजोटी हे अशा पायगेचे ठाणे होते. काळाच्या ओघात घोडे गेले, स्वार गेले. परंतु पायगा राहिली. १९४८ साली हैदराबाद संस्थान विलीन होईपर्यंत ह्या भागातील शेतकऱ्यास पायगा म्हणजे सारा घेणारी सत्ता एवढाच अर्थ ठाऊक होता. घोडदळाचा शब्द घोड्यावाचूनही चालत राहिला. पुणेरी ‘पागा’ व मराठवाडी ‘पायगा’ हे एकाच शब्दाचे दोन इतिहास होत. प्रमाण मराठीच्या कोशात पहिला सापडला म्हणून दुसरा गौण ठरत नाही.

असे शब्द कोठे राहतात? काही कागदात राहतात, बाकीचे माणसांच्या तोंडी राहतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने किल्लारी, सास्तूर व आसपासच्या गावांत हजारो माणसे मृत्युमुखी पडली. दगडमातीच्या जाड भिंतींची घरे व वाडे एका क्षणात कोसळले. सास्तूर हे अत्यंत हानी सोसलेल्या गावांपैकी एक. त्यानंतर अनेक गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. मनुष्यहानीपुढे इतर कोणत्याही हानीचा उच्चार करणे संकोचाचे वाटते. तरीही अभ्यासकाने एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. मोडी दप्तर वाड्याच्या फडताळात असते, आणि जुना शब्द घरातील वृद्धाच्या बोलण्यात असतो. घर गेले की त्या दोहोंचाही आसरा जातो. ज्या प्रदेशाचे कागद विरळ होतात त्या प्रदेशाचा इतिहास सांगण्याचे काम मग आख्यायिका व कादंबरी करू लागतात.

म्हणून ह्या भागातून येणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस एक सुचवावेसे वाटते. कादंबरी अवश्य वाचावी. टेलरचे तुळजापूर व नळदुर्ग वाचताना आपलाच परिसर नव्याने दिसतो. मात्र वाचताना तीन प्रश्न जवळ ठेवावेत. नायकाचे पद कोणते व ते त्यास कोणी दिले? त्याचा घोडा कोणाच्या खर्चाने उभा होता? आणि त्याच्या नावापुढील क्रियापद कागदातून आले आहे की लेखकाच्या मनातून? ह्या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली म्हणजे काल्पनिक चरित्राचा आनंद घेता येतो आणि खऱ्या माणसावर अन्यायही होत नाही. त्याचबरोबर आपल्या गावी पागा, पायगा, शिलेदार, बारगीर, चंदी, नालबंद ह्या शब्दांचा आज कोणता अर्थ चालू आहे, त्यांपासून कोणती शेतांची व आडनावांची नावे पडली आहेत, ह्याची टिपणे वृद्धांस विचारून करावीत, आणि कोणाच्या घरी मोडी कागद असल्यास त्यांची प्रत करून घ्यावी. फाजलखानाच्या वाट्यास तीन प्रसंग तरी आले. ह्या परिसरातून त्या त्या काळी घोड्यावर बसून गेलेल्या स्वारांच्या वाट्यास आज राहिले आहेत ते केवळ हे शब्द.